प्रतिकृतींचे घर : लंडनमधील सँबोर्न-गृहाविषयी काही विचार

लंडनच्या केन्सिंग्टन विभागातील स्टॅफर्ड टेरेस या रस्त्यावर १८ क्रमांकाचे जे घर आहे, ते बाहेरून पाहता शेजारच्या घरांहून फारसे निराळे नाही. भिंतीस भिंत लावून उभ्या असलेल्या उंच व अरुंद घरांच्या रांगेतील ते एक. १८७५ साली एडवर्ड लिन्ली सँबोर्न हा 'पंच' साप्ताहिकाचा चित्रकार आणि त्याची पत्नी मॅरियन यांनी ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतले. लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुढील सुमारे पस्तीस वर्षांत त्यांनी ते चित्रे, चिनी मातीची भांडी, रंगीत काचा, घड्याळे आणि नाना तऱ्हेच्या खुर्च्या यांनी भरून टाकले. १९८० पासून ते सार्वजनिक संग्रहालय आहे. या घराविषयी जे लिहिले जाते त्यात एक वाक्य बहुधा असतेच : येथे काळ थांबला आहे. या घराचे खरे वैशिष्ट्य त्या वाक्याने उघड होण्याऐवजी झाकले जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे कलासंग्राहकाचे घर आहे असे गृहीत धरून आपण त्याकडे पाहतो, ही पहिली अडचण. ते आपोआप टिकले असे मानतो, ही दुसरी. या दोन्ही समजुती तपासून पाहिल्यास घरगुती कलेच्या संग्रहालयाने नेमके काय जपावयाचे असते, या प्रश्नाकडे आपण येऊन पोहोचतो.

सँबोर्नचा जन्म १८४४ चा. चित्रकलेचे विधिवत शिक्षण त्यास फारसे मिळाले नाही. ग्रिनिच येथील जॉन पेन यांच्या जहाजांची एंजिने बांधणाऱ्या कारखान्यात तो उमेदवार म्हणून होता आणि यंत्रांचे आराखडे काढीत असे. त्याच्या रेषेतील काटेकोरपणा तेथला. १८६७ साली त्याचे पहिले चित्र 'पंच'मध्ये आले, १८७१ मध्ये तो त्या साप्ताहिकाच्या मंडळात दाखल झाला आणि १९०१ साली जॉन टेनिअल निवृत्त झाल्यावर मुख्य राजकीय व्यंग्यचित्रकाराची जागा त्यास मिळाली. कैरोपासून केपटाउनपर्यंत तंगड्या फाकून आफ्रिकेवर उभा असलेला सेसिल ऱ्होड्स आपणांपैकी अनेकांनी इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेला असतो. ते १८९२ चे चित्र सँबोर्नचे आहे. 'पंच'चा संसर्ग आपल्याकडेही दूरवर पोहोचला होता. मुंबईच्या 'हिंदी पंच'ने आणि ठाण्याच्या मराठी 'हिंदू पंच'ने निदान नाव तरी तेथूनच उचलले. तेव्हा या चित्रकाराचे घर आपल्या वाचकांस अगदीच परके नव्हे. मॅरियन ही स्पेन्सर हेरपाथ या श्रीमंत शेअरदलालाची कन्या. तिचे माहेर जवळच होते. जावयाची मिळकत आणि मुलीच्या सवयी यांच्यात अंतर होते, हे ध्यानात ठेवावयास हवे. घराच्या सजावटीचे पुष्कळसे कोडे या अंतराने उलगडते.

त्या काळी इंग्लंडातील सुशिक्षित मध्यमवर्गास घर सुंदर असावे याची जणू धास्तीच लागली होती. चार्ल्स ईस्टलेक याचे घरगुती अभिरुचीविषयीचे पुस्तक १८६८ साली निघाले आणि त्याच्यामागून तशा उपदेशपर ग्रंथांची रीघ लागली. यंत्राने घडविलेल्या बटबटीत वस्तू टाळा, जुने व हाताने घडविलेले घ्या, रंग सौम्य ठेवा, जपानकडे पाहा, असा त्यांचा सूर. सँबोर्न दांपत्याने हा उपदेश ऐकला होता यात संशय नाही. दाराखिडक्यांच्या काचांवर सूर्यफुले आली, फळीवर निळ्यापांढऱ्या बशा ओळीने उभ्या राहिल्या, भिंतींवर विल्यम मॉरिसच्या नमुन्याचा कागद चढला, रस्त्याकडील खिडकीबाहेर काचेच्या पेटीत नेच्यांची लहानशी बाग लावण्यात आली. एवढ्यावर थांबलो तर हे घर म्हणजे एका फॅशनचा नमुना ठरेल. तसे नमुने तेव्हा शेकड्यांनी होते.

निराळेपण भिंतींवरील चित्रांत आहे. जिन्यापासून दिवाणखान्यापर्यंत चौकटींची इतकी दाटी आहे की मधली भिंत शोधावी लागते. परंतु या चौकटींत मोठ्या किमतीची मूळ तैलचित्रे नाममात्रच आढळतील. बहुतेक ठिकाणी आहेत ती खोदचित्रे, जुन्या थोर चित्रकारांच्या कृतींची छायाचित्रे, चित्रकार मित्रांनी आपल्या गाजलेल्या चित्रांच्या छापील प्रतींवर सही करून दिलेल्या भेटी, आणि सँबोर्नची स्वतःची रेखाटने. फर्निचरचेही तेच. काही लिलावात घेतलेले, काही जुन्या बाजारातले, काही फ्रेंच राजवाड्यांतील घाटांची नक्कल करणारे. भेट देणारे या गोष्टीचा उल्लेख काहीशा ओशाळेपणाने करतात. चित्रकाराची ऐपत नव्हती, म्हणून प्रतिकृतींवर भागविले, असे ते म्हणतात. ऐपत नव्हती हे खरेच. परंतु कारण सांगितले म्हणजे अर्थ सांगितला असे होत नाही.

भिंतीच्या कागदाची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. पहिला कागद मॉरिसचा. पुढे दांपत्याची अभिरुची बदलली आणि जपानी चामड्यासारखा दिसणारा, उठावदार सोनेरी कामाचा महागडा कागद भिंतींवर आला. तो चित्रांच्या मधल्या उघड्या जागांपुरताच चिकटविण्यात आला. चौकटींच्या मागे मॉरिसचा जुना कागद तसाच राहिला. पाहुण्याच्या दृष्टीस जे पडणार नाही त्यावर पैसा कशास घालावा, असा हा रोखठोक हिशेब. कोणी यात दिखाऊपणा पाहील. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कागद असा तुकड्यातुकड्यांनी लावावयाचा तर कोणते चित्र कोठे राहणार हे आधी ठरलेले असले पाहिजे, आणि एकदा लावल्यावर ते तेथून हलविता येणार नाही. एक चौकट काढली की खालचा जुना कागद उघडा पडून हिशेब फुटणार. याचा अर्थ असा की ही भिंत चित्रे टांगण्याची जागा राहिली नाही, चित्रांसकट ती एकच रचना झाली. छापखान्यात पानाची जुळणी करताना चित्र, मजकूर आणि कोरी जागा यांचा मेळ बसवितात, त्याच जातीचे हे काम आहे. आयुष्यभर साप्ताहिकाचे पान भरणाऱ्या माणसाने आपली भिंतही पानासारखीच भरली.

हे ध्यानात आले की प्रतिकृतींविषयीचा ओशाळेपणा अस्थानी वाटू लागतो. सँबोर्नचा व्यवसायच मुळी प्रतिकृतीचा होता. त्याच्या उमेदीच्या काळी चित्रकाराची रेषा जोसेफ स्वेनच्या कारागिरांकडून लाकडी ठशावर कोरली जाई आणि वाचकाच्या हाती पडे ती ठशाची छाप. मूळ रेखाटन हा वाटेतील एक टप्पा. चित्र पूर्ण होई ते हजारो प्रती निघाल्यावर. ज्याची स्वतःची कला अशी प्रतींच्या रूपानेच जगत होती, त्याला रॅफेलच्या चित्राचा छाप दिवाणखान्यात लावताना कमीपणा वाटण्याचे काही कारण नव्हते. अद्वितीय मूळ कृतीचा जो महिमा संग्रहालये गातात, त्याच्या बाहेरचे हे घर आहे, आणि संग्रहालय झाल्यावरही ते तसेच बाहेरचे राहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या घरापासून थोड्याच अंतरावर, हॉलंड पार्क भागात, लॉर्ड लेटनचे प्रसिद्ध घर आहे. आज दोन्ही घरे एकाच नगरपरिषदेच्या ताब्यात आहेत, त्यामुळे तुलना सहज सुचते. लेटन हा रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष, अविवाहित, वैभवशाली. दमास्कसच्या फरश्यांनी मढविलेले त्याचे अरबी दालन पाहून लोक थक्क होत. १८९६ च्या जानेवारीत तो वारला आणि त्याच वर्षी ख्रिस्टीच्या लिलावात त्याच्या घरातील चित्रे, गालिचे, भांडी सारी विकली गेली. विकली गेली कारण ती मौल्यवान होती. भिंतीत बसविलेल्या फरश्या तेवढ्या राहिल्या. सँबोर्नच्या घरातील वस्तू मागे राहिल्या याचे एक साधे कारण असे की त्या विकून फारसे काही हाती येणार नव्हते. सह्यांच्या छापील प्रती, जुन्या बाजारातल्या खुर्च्या, पिवळी पडत चाललेली छायाचित्रे यांना १९१० साली कोण गिऱ्हाईक मिळणार? थोर चित्रकाराचे घर रिकामे झाले आणि व्यंग्यचित्रकाराचे भरलेले राहिले, यात दैवाचा खेळ कमी आणि बाजारभावाचा अधिक आहे.

आता छायाचित्रांकडे वळू. दर बुधवारी संध्याकाळी 'पंच'च्या भोजनाच्या टेबलावर त्या आठवड्याच्या मुख्य चित्राचा विषय ठरे आणि पुढील दोन दिवसांत चित्र पुरे करून द्यावे लागे. इतक्या थोड्या अवधीत पोलिसाचा गणवेश, नावेची वल्ही, रागावलेल्या माणसाचा हात हे सारे बिनचूक काढावयाचे, तर नमुना हाताशी हवा. म्हणून १८८० नंतरच्या दशकात सँबोर्न कॅमेऱ्याकडे वळला. मागील अंगणात मुले, नोकर, कोचमन, मित्र यांस निरनिराळ्या पवित्र्यांत उभे करून तो त्यांची छायाचित्रे घेई. पुष्कळदा स्वतःच चादर गुंडाळून देवता बने. स्नानगृहात छाप धुतले जात. त्यांतील हजारो सायनोटाइप नावाने ओळखले जाणारे निळे छाप होते, आणि विषयवार लावून ठेवलेला हा साठा म्हणजे त्याचा दृश्य शब्दकोशच होता. घर हे निवासस्थानही होते आणि कारखानाही होता. दिवाणखान्याच्या मागील टोकास त्याचे चित्रफलक उभे असत. मुलगी मॉड हिचे १८९८ साली लग्न होऊन ती सासरी गेल्यावर मुलांची खोली मोकळी झाली, तेव्हा कोठे वरच्या मजल्यावर त्यास स्वतंत्र चित्रशाळा मिळाली. वीस वर्षांहून अधिक काळ पाहुण्यांच्या बैठकीत आणि साप्ताहिकाच्या घाईत एकच खोली वाटून घेतली गेली होती. आज मखमली दोरीपलीकडून ती खोली पाहणाऱ्यास ही घाई दिसत नाही. नीटनेटकी शांतता दिसते, आणि ती त्या खोलीत तिच्या मालकांच्या काळी क्वचितच असेल.

या साठ्याची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याविषयी बोलताना समीक्षक पुष्कळदा आवाज खाली आणतात. १८९३ पासून सँबोर्न कॅमेरा क्लबचा सदस्य होता आणि तेथे व अन्यत्र त्याने पैसे देऊन बोलाविलेल्या स्त्रियांची विवस्त्र छायाचित्रे मोठ्या संख्येने घेतली. मॅरियन गावाला गेलेली असताना घरीही घेतली. चित्राच्या आकृतीसाठी आधी शरीर आणि मग वस्त्र काढावयाचे, हा चित्रशाळांचा मान्य प्रघात होता, असे त्याचे समर्थन करता येते आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु १९०५ ते १९०८ या काळात केन्सिंग्टनच्या रस्त्यांवर चालणाऱ्या स्त्रिया आणि तरुण मुली यांची त्याने त्यांच्या नकळत, समोरच्यास संशय येऊ नये अशा बेताच्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे आहेत, त्यांना हे समर्थन लागू पडत नाही. इतिहासकारांस त्या चित्रांतून वेषभूषेची आणि रस्त्यावरील चालीरीतींची अमोल माहिती मिळते हे खरे. ज्यांची ती चित्रे आहेत त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही खरे. पहिले सांगून दुसरे गाळण्याचा मोह संग्रहालयास होणे स्वाभाविक आहे.

मॅरियनने १८८१ पासून १९१४ साली मृत्यू येईपर्यंत रोजनिशी लिहिली. तीत बाजारातील भाव आहेत, स्वयंपाकिणींच्या कटकटी आहेत, जेवणावळी, आजारपणे, मुलांची काळजी आणि नवऱ्याच्या कामाच्या रात्री आहेत. वाक्ये तुटक, अलंकार नाहीत. नवराही रोजनिशी ठेवी. अशा रीतीने एकाच छताखालील दोन माणसांनी आपापला दिवस स्वतंत्रपणे नोंदवून ठेवला आणि दोहोंच्या वह्या आज अभ्यासकांच्या हाती आहेत. नवऱ्याने बायकोपासून जे दडविले ते आता तिकीट काढून येणाऱ्या कोणासही कळू शकते. घराचे संग्रहालय होणे याचा हा एक अटळ परिणाम आहे. चित्रसंग्रह खुला केला तर चित्रे खुली होतात. राहते घर खुले केले म्हणजे त्यातील विश्वासघातही खुले होतात. ते झाकावेत असे आम्हांस वाटत नाही. झाकले तर मॅरियनवर दुसऱ्यांदा अन्याय होईल. या घराची ती सहकर्ती आहे. वस्तू निवडण्यात नवऱ्याचा हात मोठा असेल, परंतु त्या वस्तूंमध्ये राहता येईल असे घर तिने चालविले, आणि चालविण्याचे हे श्रम दिवाणखान्यातल्या कोणत्याही काचपात्रात दिसत नाहीत, ते तिच्या वह्यांत दिसतात. पुष्कळ लेखांत दांपत्याचे घर म्हणून सुरुवात होते आणि दुसऱ्याच परिच्छेदात केवळ चित्रकाराचे घर उरते. भाषेची ही घसरण केवळ अनवधानाची आहे असे मानणे कठीण.

काळ थांबला, या समजुतीचेही पाहू. सर जॉन सोन या वास्तुकाराने आपले घर जसेच्या तसे राहावे म्हणून १८३३ साली पार्लमेंटचा कायदाच करून घेतला होता. सँबोर्नने तसे काही केले नाही. तो १९१० साली वारला, चार वर्षांनी मॅरियन गेली, आणि घर मुलगा रॉय याच्याकडे आले. रॉय अविवाहित होता. आईबापांनी लावलेली चित्रे काढावीत असे सांगणारे दुसरे माणूस घरात आले नाही आणि तो १९४६ पर्यंत त्याच खोल्यांत राहिला. त्या वेळी व्हिक्टोरियन म्हटले की लोक नाक मुरडीत. दाट सजावट म्हणजे धूळ आणि ढोंग, असे समीकरण झाले होते. रॉयनंतर मालकी मॉडकडे गेली, आणि घर मोडू नये असा आग्रह तिची मुलगी अ‍ॅन, रॉसची काउंटेस, हिने धरला. १९६० साली मॉडच्या निधनानंतर ते अ‍ॅनचे झाले. अ‍ॅन आजोबांच्या दिवाणखान्यात मेजवान्या देई. तिने काही गोष्टी बदलल्याही. म्हणजे आज आपण पाहतो ते घर १९१० चे नव्हे. १९१० च्या घरावर मुलाची निष्क्रियता आणि नातीचा उत्साह यांचे थर चढले आहेत. अ‍ॅनच्या डोळ्यांतील व्हिक्टोरियन युग आणि मॅरियनच्या डोळ्यांतील तिचे स्वतःचे युग यांत फरक असणारच. मॅरियनला ते जुने वाटत नव्हते.

१९५७ च्या नोव्हेंबरमध्ये याच दिवाणखान्यात अ‍ॅनने काही मंडळी बोलाविली आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियन सोसायटीची स्थापना झाली. जॉन बेट्जमन हा कवी आणि निकोलस पेव्हस्नर हा वास्तुइतिहासकार तिच्या आद्य कार्यकर्त्यांत होते. १९६१-६२ साली यूस्टन स्थानकाची भव्य कमान सोसायटीच्या विरोधास न जुमानता पाडण्यात आली, आणि अशा पराभवांतूनच त्या युगाच्या वास्तूंविषयी नवी दृष्टी तयार झाली. सोसायटीच्या जन्मास हेच घर मिळाले ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. घराने चळवळीस आश्रय दिला आणि चळवळीने घरास अर्थ दिला. त्याआधी ते एका हौशी कुटुंबाचे जुनाट बिऱ्हाड होते, त्यानंतर तो पुरावा झाला. १९८० साली ग्रेटर लंडन कौन्सिलने ते वस्तूंसह विकत घेतले आणि सोसायटीच्या व्यवस्थेखाली ते लोकांस खुले झाले. पुढे १९८६ मध्ये कौन्सिलच बरखास्त करण्यात आले आणि १९८९ पासून केन्सिंग्टन व चेल्सी नगरपरिषद त्याचा सांभाळ करीत आहे. यांतील एकही पायरी आपोआप घडलेली नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी विकावे की राखावे हा निर्णय घेतलेला आहे.

म्हणून या घराच्या संरक्षकांकडे आमची एकच मागणी आहे. चौकटींमागील मॉरिसचा कागद, दिवाणखान्याच्या टोकास असलेली घाई, दोन रोजनिश्यांतील विसंगती, रॉय व अ‍ॅन यांचे थर, हे सारे रचनेचे भाग म्हणून दाखवावेत, दोष म्हणून सावरून घेऊ नयेत. एखादे खोदचित्र काढून त्या जागी सँबोर्नच्याच काळातील अधिक मोलाचे मूळ चित्र लावणे येथे शक्य झाले तरी ते घराची हानी करणारे ठरेल, कारण भिंतीचे पान त्या चौकटीच्या मापाने जुळविलेले आहे.

दुरुस्ती व पुनर्मांडणी होऊन २०२२ साली घर पुन्हा खुले झाले, तेव्हा वरच्या मजल्यावर मोलकरणीची खोली रचून दाखविण्यात आली. हे पाऊल स्तुत्य आहे. तथापि दोन मजले खाली दिवाणखान्यातील राखदाणीसुद्धा आपल्या जागी टिकून असताना ही खोली मात्र नव्याने रचावी लागली, ही गोष्ट पाहणाऱ्याने मनात नोंदवून ठेवावी. सँबोर्नच्या निळ्या छापांत घरातील नोकर वारंवार येतात. कधी सैनिक होऊन, कधी रोमन सरदार होऊन, कधी नुसता एक उचललेला हात होऊन. त्यांच्या खोलीचे छायाचित्र घेण्याचे मात्र चित्रकारास कधी कारण पडले नव्हते.